ब्रशावर नाव नको

ता. ३ मार्च

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस हे दादाच्या फोनवरून कळलं. पोचल्याचं स्वतः कळवायचं असतं, पण दादाने बाप म्हणून तुला ती सवय लावली नाही, त्याला तू तरी काय करणार.

परवा दारात बूट चढवता चढवता तू म्हणालीस की कारखान्याची स्वतःची वेबसाइट करू या, आणि मी नुसतं शी म्हटलं. तू तोंड एवढंसं करून गेलीस. म्हणून हे पत्र. तू वेबसाइटी बनवून पोट भरतेस, चांगलं आहे, माझी शी तुझ्या पोटाला नव्हती. मागे मला बाटली धुवायच्या ब्रशांचे बाहेरचे भाव बघायचे होते. आपल्याकडच्या ब्रश बांधणाऱ्या तिघी तुला माहीत आहेत, थोरली, मधली आणि धाकटी (वयाने नव्हे, बाकावर बसायच्या जागेवरून). त्यातल्या मधलीने तिच्या फोनवर शोधून दिलं. भाव दिसायच्या आधी कुणाच्या तरी नाकावरचा फोड पिळताना दाखवला, अगदी जवळून. मग दातांवरचं पिवळं किटण. मग पोटातले जंत पाडायचं औषध, जंतांच्या फोटोसकट. एवढं सगळं झाल्यावर भाव. त्या दुपारी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मोऱ्या, नळ्या आणि संडास घासायची हत्यारं करण्यात माझा जन्म गेला, मला घाणीची किळस नाही. घाण काढायची सोडून ती लोकांना दाखवत बसायची, याची आहे.

शिवाय अण्णांचा नियम तू विसरलीस. तुझ्या आजोबांनी एवढे ब्रश केले, पण एकाही ब्रशावर आपलं नाव घातलं नाही. ते म्हणायचे, आपली वस्तू लोकांच्या मोरीत जाते, गटारात जाते, दवाखान्यात नको तिथे जाते. तिने जावंच, तिचं कामच ते. आपलं नाव मात्र तिच्याबरोबर पाठवायचं नाही. दारावर पाटी आहे तेवढी पुरे. आता अशा माणसाचं नाव मी नेऊन त्या फोड पिळणाऱ्यांच्या शेजारी लावू का? तूच सांग.

तरी तुझं मन मोडायला नको म्हणून मी तेलकटजवळ विषय काढला. तेलकट म्हणजे आपले ब्रश घेऊन दुकानांना पुरवणारा तो. केसांना तेल, बोलण्याला तेल, नमस्कार केला तरी हात धुवावेसे वाटतात. पण माल उचलतो. तो म्हणाला, ताई, स्वतःच्या वेबसाइटचा खर्च कशाला, इंटरनेटवर मोठा बाजार आहे, हजारो दुकानं एकाच ठिकाणी असतात, तिथे तुमचं पान मी फुकट उघडून देतो. लगेच फोटोही काढले. पाटीचा, भिंतीवरच्या अण्णांच्या तसबिरीचा, बाकावरच्या तिघींचा, आणि मला हसायला लावून माझा. तेव्हा झालं तुझं काम, आणि फुकटात झालं.

बाकी ठीक. मोठ्या दवाखान्याची वर्षाची ऑर्डर आता यायला हवी. नळ्यांचे, बाटल्यांचे, हत्यारांचे सगळे ब्रश त्यांना आपलेच लागतात, आणि खरं सांगायचं तर आता कारखाना त्या एका ऑर्डरीवरच उभा आहे. ती गेली तर तिघींना घरी बसवायचं आणि दाराला कुलूप लावायचं, इतकं सरळ आहे. पण ती जाणार नाही, त्यांना आपल्या मालाची सवय आहे.

हल्ली एक घाणेरडा माणूस कारखान्याच्या फोनवर छळतो. बोलत काही नाही, नुसता घशातून फसफस करतो. ऐकूनच अंगावर पाल पडल्यासारखं होतं. दोनदा शिव्या हासडून फोन आपटला.

राग गिळून टाक आणि लोभ तेवढा ठेव.

तुझी,
आत्या


ता. ११ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पोचले. बघ, कळवलं. बाबा तुझं पत्र वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, तुझ्या आत्याला लहानपणापासून जगाची शिसारी आहे, फक्त ब्रशांची नाही. मी म्हटलं, तुम्हाला ब्रशांची शिसारी आली म्हणून तर तुम्ही पळालात आणि सगळं तिच्या गळ्यात पडलं. मग हसायचे थांबले.

आता तुझ्या शीबद्दल. तुला वाटतं तेवढी मी इंटरनेटची भक्त नाही. तू पाहिलेल्या त्या जंतांच्या फोटोखालची गोड गोड वाक्यं लिहायला माणसं ठेवलेली असतात, आणि आमच्या ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर तसलंच एक काम चालतं. कालच तिथे एका औषधासाठी समाधानी गिऱ्हाइकं बनवली. म्हणजे चक्क बनवली, नाव, गाव, चेहरा आणि अश्रू यांसह. घरी येऊन मी साबणाने तोंड धुतलं. तेव्हा शी म्हणण्यात मी तुझ्या मागे नाही.

पण त्यासाठीच मी स्वतःची वेबसाइट म्हणत होते. मोठ्या बाजारात आपण भाड्याच्या फळीवर बसतो. शेजारी कोण फोड पिळतंय ते आपल्या हातात नसतं. आपल्या डोक्यावर कसली जाहिरात लटकवायची ते बाजारवाला ठरवतो, गिऱ्हाइकाचा पत्ता तो स्वतःकडे ठेवतो, आणि उद्या त्याच्या मनात आलं तर फळी काढून घेतो. स्वतःची वेबसाइट म्हणजे स्वतःचं दार. पाटी आपली, आत काय ठेवायचं ते आपण ठरवणार, आणि कुणी कडी वाजवली तर ती आपल्याला ऐकू येणार. ब्रश लहान असो की कारखाना, माणसाला तो शोधायचा झाला तर आता तो आधी फोनवरच शोधतो. तिथे आपण नसलो तर जो कुणी असेल तोच त्याच्या लेखी आपण.

आत्या, एक विचारते, चिडू नकोस. तेलकटने उघडलेल्या पानाची किल्ली कुणाकडे आहे? फोन नंबर कुणाचा दिलाय, तुझा की त्याचा? आणि अण्णांच्या तसबिरीचा फोटो त्याला कशाला हवा होता?

फसफशा पुन्हा आला तर फोन धाकटीकडे दे. तिच्या शिव्या तुझ्यापेक्षा ताज्या आहेत.

तुझ्या चार शिव्या मलाही चालतील, पण मायेचा वाटा कमी करू नकोस.

तुझी,
खारू


ता. २९ मार्च

चि. खारूस,

आशीर्वाद. किल्ली कुणाकडे ते मी विचारलं नव्हतं. नंबर कुणाचा तेही नाही. फुकट म्हटल्यावर मी मान डोलावली होती.

काल कारखान्यात एक बाई आली. कडेवर मूल, चेहरा रागाने फुललेला. कुणाला विचारलं नाही, सरळ बाकापाशी येऊन तिने पिशवीतून बाळाची दुधाची बाटली आणि एक ब्रश काढून माझ्यापुढे आपटला. बाटलीच्या तळाशी आंबलेलं दूध, आणि त्यात ब्रशाचे तंतू, काळे, तोकडे, तुटलेले. वास असा की थोरली उठून दाराशी गेली. बाई म्हणाली, यातला एक तंतू बाळाच्या घशात अडकला, पोर निळं पडलं, डॉक्टरने चिमट्याने काढला. तुमची पाटी बघून घेतला होता, तुमच्या म्हाताऱ्याचा फोटो बघून घेतला होता, असंही म्हणाली. अण्णांना म्हातारा म्हणाली तरी मला राग आला नाही. मूल तिचं होतं.

मी ब्रश हातात घेतला. आपला नव्हता. आपल्या बाटलीच्या ब्रशाची तार टोकाशी आत वळवलेली असते आणि तिच्यावर तंतूंचा झुबका बसवलेला असतो, म्हणजे तार काचेला लागत नाही. याची तार उघडी, नखासारखी. तंतू नुसते अडकवलेले, ओढले की मूठभर हातात आले. मशीनने ओकलेला माल. मी आपला एक ब्रश काढून तिच्यापुढे ठेवला आणि फरक दाखवला. तिने दोन्ही बघितले आणि विचारलं की मग तुमच्या ब्रशावर तुमचं नाव कुठे आहे. खारू, मी काय सांगणार? ना त्याच्यावर नाव, ना आपल्यावर. अण्णांचा नियम मी तिला सांगितला. तिला वाटलं मी थापा मारतेय. माझ्या डोळ्यांत बघून ती जमिनीवर थुंकली आणि गेली.

जमीन मी स्वतः घासली. तिघींपैकी कुणाला हात लावू दिला नाही.

तू ते पान बघ. मधलीच्या फोनवर मला बघवलं नाही, पाटी दिसली तेव्हाच मी फोन उलटा ठेवला. जे दिसेल ते लिही, साखर लावू नकोस.

लोभ ठेव, आज त्याची गरज आहे.

आत्या


ता. ५ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाळ बरं आहे ना, याची आधी चौकशी कर, तुला चैन पडणार नाही हे मला माहीत आहे.

पान बघितलं. साखर न लावता लिहिते. वर आपली पाटी. तिच्याखाली अण्णा, तसबिरीतले, आणि त्यांच्याखाली लिहिलंय की तीन पिढ्यांचा विश्वास. मग तू. आत्या, तुझा हसरा फोटो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि पाहिला तो इथे, लाल अक्षरांत निम्मी किंमत लिहिलेल्या संडासाच्या ब्रशाच्या शेजारी. विकायला ठेवलेला एकही ब्रश आपला नाही. फोन नंबर तेलकटचा, माल पाठवायचा पत्ता तेलकटचा. सगळ्यात खाली लोकांच्या प्रतिक्रिया. कुणी तुटक्या दांड्याचा फोटो टाकलाय, कुणी तळहातात घुसलेल्या तारेचा, रक्तासकट. एकाने लिहिलंय की हा म्हातारा नरकात ब्रश विकत असेल. पाचातला एक तारा. त्या बाईनेही लिहिलंय, बाटलीच्या फोटोसह.

मी बाजारवाल्यांना लिहिलं की हे पान खोटं आहे. त्यांनी फार नम्रपणे उत्तर दिलं. पानावर दुकानाची पाटी आहे, मालकाचा फोटो आहे, मालकीण स्वतः हसते आहे, तेव्हा आम्हाला ते खरंच वाटतं. दुकान तुमचं असेल तर दाखवा, तुमची वेबसाइट कुठे आहे? तुमच्या मालावर कसली खूण आहे? मी काय दाखवणार होते? इतकी वर्षं आपण नाव स्वच्छ ठेवायला कपाटात ठेवलं आणि ज्याला हवं होतं त्याने ते दाराबाहेरून उचललं.

हे तुला टोचायला लिहीत नाही. अण्णांच्या काळात नियम बरोबर होता. गिऱ्हाईक दारात यायचं, पाटी वाचायचं, अण्णांना बघायचं आणि ब्रश न्यायचं. नाव माणसाच्या तोंडावर होतं. आता गिऱ्हाइकाला दार दिसत नाही. तू म्हणशील तर मी वेबसाइट स्वतः करते, ऑफिसातून नाही, घरी बसून. पण एक गोष्ट मला वेबसाइटने करता येत नाही. ब्रशावर नाव तुलाच घालावं लागेल.

बाबांनी पान बघितलं. मग उठून आपल्या घरातला बाटलीचा ब्रश धुऊन, पुसून, कपाटात ठेवला. तो अण्णांनी बांधलेला आहे म्हणे.

रागावलीस तरी पत्र लिही, तेवढा हक्क माझा आहे.

खारू


ता. १७ एप्रिल

चि. खारूस,

आशीर्वाद. बाळ बरं आहे. मी तिचं घर विचारत विचारत आपले दोन ब्रश घेऊन गेले होते. बाईने दार उघडलं, ब्रश घेतले, आत ये म्हटलं नाही. बरोबर केलं तिने.

तेलकट आला होता. मी त्याला उभ्यानेच विचारलं. तो हसला, खारू, तेल गळतं तसा हसला. म्हणाला, ताई, तुमचा माल महाग, लोकांना स्वस्त हवा, नावाने स्वस्त माल खपतो, त्यात तुमचं काय गेलं, उलट तुमचं नाव झालं. मी म्हटलं, माझ्या बापाचं नाव पोराच्या घशात गेलं. तर म्हणतो, ब्रशाच्या धंद्यात एवढं चालतंच. आणि खुर्चीच्या हातावर बोटं पुसली. मी त्याला दार दाखवलं. तो गेल्यावर खुर्ची उकळत्या पाण्याने धुतली तरी मला त्या खुर्चीत बसवेना, शेवटी ती मागच्या अंगणात टाकली. माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात आहे.

आता मुख्य. दवाखान्याच्या भांडारातल्या बाईंचा फोन आला. त्या सभ्य आहेत, म्हणून त्यांनी घुटमळत सांगितलं. वरच्या साहेबांनी पुरवठादारांची नावं फोनवर शोधून बघितली. आपल्या नावापुढे त्यांना काय दिसलं ते तू लिहिलंच आहेस. ऑर्डर थांबवली आहे. रद्द नाही, थांबवली. मी म्हटलं, तुम्ही तर वर्षानुवर्षं आमचाच माल वापरता. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे हो, पण साहेब मला विचारत नाहीत, फोनला विचारतात.

तिघींना सांगितलं. थोरली तार पिळत राहिली. धाकटीने विचारलं की आता दुसरीकडे काम बघायचं का. मी म्हटलं, थांब. पण कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाच माहीत नाही.

तेव्हा कर तुझी ती वेबसाइट. मी नाक मुरडत हो म्हणतेय हे लक्षात ठेव. माझ्या अटी अशा. कुणी हसायचं नाही, मीही नाही. तुमचं स्वागत आहे वगैरे लाळघोटेपणा नको. तारे नकोत. गोल गोल फिरणारं, उघडणारं, टुणकन उडी मारणारं काही नको. जाहिरात एकही नको, जंताची तर नकोच. खोटं गिऱ्हाईक बनवलंस तर तुझं तोंड बघणार नाही. आम्ही काय बनवतो ते लिही, आणि काय बनवत नाही तेही लिही. आपला ब्रश कसा ओळखायचा ते चित्रासह घाल, तारेचं वळवलेलं टोक जवळून दिसलं पाहिजे. फोटो तिघींच्या हातांचे काढ. चेहरे नकोत, तिघी लाजतात.

ब्रशावर नाव मात्र नाही. वेबसाइटवर अण्णांचं नाव दार म्हणून राहील, ते मला पटलं. गटारात ते जाणार नाही. यावर वाद नको.

तू धाकटीचं सुचवलंस त्याच आठवड्यात फसफशा पुन्हा दोनदा आला. मी धाकटीकडे फोन दिला. त्यानंतर नाही आला.

लोभ कमी करू नकोस, माझा कधी कमी झालाय का?

आत्या


ता. ४ मे

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. दार उघडलं. सोबत कागदावर छापून पाठवतेय, कारण फोन तू उलटा ठेवशील.

कुणी हसत नाही. वर पाटी, खाली तिघींचे हात, मग ब्रश, एकेक, कशासाठी आणि कसा वापरायचा ते सांगून. तू सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं आहे: आम्ही दात घासायचे, केस विंचरायचे आणि रंग लावायचे ब्रश करत नाही, त्यासाठी दुसरीकडे जावे. ऑफिसातला माझा साहेब हे वाचून म्हणाला की गिऱ्हाइकाला असं कुणी हाकलतं का. मी म्हटलं, माझी आत्या. तारेच्या टोकाचा फोटो एवढा मोठा आहे की बाबांना तो साप वाटला. लागेल तसा खास ब्रश बांधून मिळेल असंही लिहिलं आहे, आणि खाली एक चौकट आहे. तिच्यात कुणीही आपली अडचण लिहू शकतं, ती मधलीच्या फोनवर येईल. त्यात मध्ये कुणी तेलकट नाही.

बाजारवाल्यांना पुन्हा लिहिलं, या वेळी आपल्या वेबसाइटचा पत्ता देऊन. त्यांनी खोटं पान उतरवलं. दुसऱ्या दिवशी तेलकटने दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाचा फोटो लावून नवं पान उघडलं. मला वाटलं होतं की मी जिंकल्यावर नाचेन. पण तो दुसरा म्हातारा बघितला आणि नाच राहिला. त्याच्या घरच्यांना शोधून कळवतेय.

भांडारातल्या बाईंना पत्ता पाठव. साहेब फोनला विचारतात ना, आता फोन निदान आपलं म्हणणं सांगेल.

नावाबद्दल वाद घालत नाही. फक्त एवढंच कळवते की वेबसाइटवरच्या ‘आपला ब्रश कसा ओळखावा’ या पानावर मी एक जागा रिकामी सोडली आहे.

तुझ्या हस्ताक्षरातली शी येऊ दे, म्हणजे पावलं.

खारू


ता. २३ मे

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. तुझा कागद बाकाच्या वर भिंतीला लावला आहे. थोरली येता जाता त्यातल्या आपल्या हातांकडे बघते. ठीक केलंस. शी नाही.

तुझ्या त्या चौकटीतून आलेली पहिली अडचण अशी की एकाला टक्कल आहे. दुसऱ्याने दात घासायचा ब्रश मागितला, वर लिहिलेलं न वाचता. तिसऱ्याने मधलीच्या हातांना उद्देशून जे लिहिलं ते मी तुला कळवणार नाही. मधली ते वाचून हात धुवायला गेली. मी म्हणणारच होते की बघ, स्वतःचं दार उघडलं तरी घाण आत येतेच. पण दार आपलं आहे, त्यामुळे झाडू मारायचाही हक्क आपला, हे मला पटलंय. भांडारातल्या बाईंचा फोन आला की साहेबांनी वेबसाइट बघितली, तारेचं टोक बघितलं, आणि त्यांना आधी थोडा माल नमुन्याला हवा आहे. म्हणजे कुलूप लांबलं. टळलं असं म्हणत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या सोमवारी चौकटीत एक मजकूर आला. मधलीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, मग मी फोन हातात घेऊन स्वतः वाचला. तो एक बस कंडक्टर आहे, निवृत्त. त्याचा जन्म थांब्यांची नावं ओरडण्यात गेला. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, मानेला भोक पाडून आत नळी बसवली. तो त्या नळीनेच श्वास घेतो. रोज सकाळी तिच्यातला कफ ब्रशाने काढावा लागतो, नाही तर जीव घुसमटतो. दवाखान्याने दिलेला बारीक ब्रश त्याने झिजेपर्यंत वापरला. तो आपला होता, नर्सने त्याला कारखान्याचा नंबर लिहून दिला होता. त्याने फोन केला. एकदा नाही, चार वेळा. तो लिहितो, मला बोलता येत नाही, प्रयत्न केला की गळ्यातून नुसती हवा येते, ती फोनवर फार घाणेरडी ऐकू येते याची मला कल्पना आहे. आपण रागावलात यात आपली चूक नाही, सगळेच शी म्हणून फोन ठेवतात.

खारू, मी शी म्हणून नव्हता ठेवला. मी त्याहून वाईट बोलले होते, आणि धाकटी काय बोलली ते तुला सांगायला नको.

मग त्याने त्या बाजारातून, अण्णांचा चेहरा बघून, ब्रश मागवला. त्याचे तंतू नळीत तुटून राहिले, दोन दिवस दवाखान्यात काढले. आता त्याला आपली वेबसाइट सापडली. त्याने लिहिलंय की तिथे बोलावं लागलं नाही, लिहिता आलं, म्हणून विचारायचं धाडस केलं. बारीक ब्रश मिळेल का. आणि शेवटी एकच प्रश्न होता. तो आपलाच आहे हे मी कसं ओळखू, कारण या वेळी चुकलं तर मला ओरडताही येणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग अण्णांच्या तसबिरीसमोर उभी राहिले. त्यांच्याशी भांडले असं म्हण हवं तर. तुमचं नाव स्वच्छ राहावं म्हणून आम्ही सांभाळलं, पण या माणसाला ते त्याच्या कफात हवंय, आता काय करू? ते काही बोलले नाहीत. तसबिरीतली माणसं सोयीस्कर असतात.

ब्रश मीच बांधला. तंतू सगळ्यात मऊ, तारेचं टोक आत वळवून वर झुबका, एकेक तंतू ओढून बघितला. एवढ्या बारीक ब्रशाला दांडा नसतो, तारेची कडी असते. कडीला थोरलीने पत्र्याची एक टिकली ठोकून दिली. त्या टिकलीवर मी अक्षरांच्या पंचने ठोकून अक्षर अक्षर अण्णांचं पूर्ण नाव उठवलं. पहिली टिकली बिघडली. दुसरी ठीक झाली. रोज सकाळी ती एका माणसाच्या गळ्याशी जाईल, कफात भरेल, धुतली जाईल. जाऊ दे. पुढचे ब्रशही असेच निघतील, बाटलीचे, मोरीचे, संडासाचे. तुझ्या रिकाम्या जागेसाठी टिकलीचा फोटो मधली पाठवते आहे.

आणखी एक ओळ वेबसाइटवर घाल, फोन नंबराच्या अगदी खाली. बोलता येत नसेल तरी फोन करा, आम्ही थांबू.

पार्सल गेल्यावर मी त्याला, त्याने चौकटीत दिलेल्या नंबरवर, फोन केला. लिहून पाठवता आलं असतं, पण शिव्या मी तोंडाने दिल्या होत्या. उचलल्याचं कळलं. मी सांगितलं की मी कोण, आणि ब्रश निघाला आहे, त्यावर नाव आहे, आणि मागे मी जे बोलले त्याबद्दल मला स्वतःची किळस आली आहे. पलीकडून तीच फसफस आली. ओली, लांबलचक, अडखळत. अजूनही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. रिसीव्हर कानाला धरून मी उभी राहिले. त्याचं काय ते सगळं बोलून झाल्यावर, फोन त्याने ठेवला.

लोभ आहेच, तसाच राहू दे.

तुझी,
आत्या